स्तेफानिया स्तान्यूता : मिन्स्कची नटी आणि ‘प्रश्चानिये’मधली दार्या

एलेम क्लीमोव्ह यांचा ‘प्रश्चानिये’, म्हणजे ‘निरोप’, हा रशियन चित्रपट पाहून आलेल्या एका वाचकाने तीन प्रश्न विचारले आहेत. त्यात दार्याची भूमिका करणारी वृद्धा ही सायबेरियातल्या एखाद्या खेड्यातून शोधून आणलेली सामान्य बाई होती का? ती व्यावसायिक नटी असेल, तर इतकी वर्षे कुठे होती? आणि उभे आयुष्य रंगभूमीवर काढलेल्या नटाच्या अंगात जो मोठा आवाज आणि मोठा हातवारा मुरलेला असतो, तो कॅमेऱ्यासमोर तिच्यात दिसत कसा नाही? मी नाटके बसवतो आणि अभिनय शिकवतो, त्यामुळे तिसरा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय तिसऱ्याला हात घालता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे की, ही बाई खेड्यातलीही नव्हती आणि सायबेरियातलीही नव्हती. तिचे नाव स्तेफानिया स्तान्यूता. बेलारूसची राजधानी असलेल्या मिन्स्क शहरात 13 मे 1905 रोजी तिचा जन्म झाला आणि 6 नोव्हेंबर 2000 रोजी त्याच शहरात तिने देह ठेवला. वडील मिखाईल स्तान्यूता हे चित्रकार होते. त्यांनी 1923 मध्ये रंगवलेले आपल्या लेकीचे व्यक्तिचित्र बेलारूसी चित्रकलेच्या इतिहासात आवर्जून दाखवले जाते. म्हणजे चुलीसमोर बसलेली, धरणीला चिकटून राहिलेली जी शेतकरीण आपण पडद्यावर पाहतो, ती प्रत्यक्षात एका चित्रकाराच्या घरात वाढलेली शहरी मुलगी होती. ‘सहज वाटते म्हणजे ती तशीच असणार’ हा समज प्रेक्षकांचाच असतो असे नाही, नाट्यशिबिरांत येणाऱ्या मुलांचाही असतो. दार्या पाहताना तो समज बाजूला ठेवावा लागतो, म्हणून ही माहिती आधी दिली.

आता ती इतकी वर्षे कुठे होती, याविषयी. ती रंगभूमीवर होती, आणि जवळपास सलग होती. मात्र कुठल्या रंगभूमीवर, हे समजून घ्यायला हवे, कारण 1920 च्या आसपास ‘बेलारूसी भाषेतील व्यावसायिक नाटक’ ही गोष्ट नुकतीच रांगायला लागली होती. झारच्या राजवटीत या भाषेला सार्वजनिक जीवनात फारसे स्थान नव्हते. ती शेतकऱ्यांची बोली मानली जाई. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मिन्स्क शहर जर्मन, सोव्हिएत आणि पोलिश अशा हातांतून फिरले. त्या धामधुमीतच फ्लारियान झ्दानोविच या नट-दिग्दर्शकाने बेलारूसी नाट्यमंडळी उभी केली, आणि किशोरवयातली स्तेफानिया त्याच वर्तुळात रंगमंचावर आली. 14 सप्टेंबर 1920 रोजी मिन्स्कमध्ये बेलारूसी राज्य नाट्यगृहाचा पडदा वर गेला. हेच नाट्यगृह पुढे 1944 पासून कवी आणि नाटककार यांका कुपाला यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ज्या भाषेला राज्यकर्ते भाषाच मानायला तयार नव्हते, त्या भाषेत तिकीट लावून नाटक करणे, हा त्या पिढीच्या लेखी केवळ पोटाचा किंवा हौसेचा भाग नव्हता.

तिच्या घडणीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा मात्र मिन्स्कमधला नसून मॉस्कोतला आहे. 1921 मध्ये काही तरुण बेलारूसी मुलामुलींना मॉस्कोला पाठवून तिथे एक नाट्यस्टुडिओ चालवण्यात आला. स्तान्यूता 1926 पर्यंत त्यात शिकली. स्टुडिओची सूत्रे वालेन्तिन स्मिश्ल्यायेव्ह यांच्याकडे होती आणि शिकवणाऱ्यांत सोफिया गियात्सिन्तोव्हा यांच्यासारख्या नट्या होत्या. हे दोघेही अभिनयाची आधुनिक पद्धत घडवणाऱ्या दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींच्या मॉस्को आर्ट थिएटरच्या ‘पहिल्या स्टुडिओ’तून, म्हणजे त्याच्या प्रयोगशील शाखेतून, आलेले. स्मिश्ल्यायेव्ह हा मोठा गमतीदार माणूस होता. 1921 मध्ये, पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या तरुण आयझेनस्टाइनबरोबर त्याने प्रोलेतकुल्त या कामगारांच्या सांस्कृतिक संघटनेत ‘मेक्सिकन’ हे नाटक रंगमंचावर आणले. त्याच सुमारास स्तानिस्लावस्कींच्या पद्धतीवर त्यांच्याआधी स्वतःच पुस्तक छापून मोकळा झाला, आणि गुरूचा रोष ओढवून घेतला. 1924 मध्ये नट मिखाईल चेखव्ह यांनी केलेल्या गाजलेल्या हॅम्लेटच्या दिग्दर्शकांमध्येही तो होता. अशा माणसाच्या हाताखाली शिकलेल्या मुलांना एकाच वेळी दोन गोष्टी मिळाल्या. आतून पटल्याशिवाय ओठांतून शब्द काढायचा नाही ही आर्ट थिएटरची शिस्त मिळाली, आणि शरीर, लय, मुखवटा, लोकनाट्य यांच्याशी मोकळेपणाने खेळण्याची 1920 च्या दशकातली मॉस्कोची धिटाईही मिळाली. स्टुडिओने बसवलेल्या नाटकांची निवड पाहिली तरी हे कळते. ‘झार माक्सिमिलियान’ हे लोकनाट्य, युरिपिडीसचे ‘बाखाई’ आणि शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ ही तिन्ही त्यांनी बेलारूसी भाषेत केली.

1926 च्या नोव्हेंबरात हा सगळा वर्ग एकत्रच बेलारूसला परतला आणि व्हितेब्स्क शहरात ‘दुसरे बेलारूसी राज्य नाट्यगृह’ म्हणून उभा राहिला. आजचे याकुब कोलास नाट्यगृह ते हेच. पाच वर्षे एकाच छताखाली शिकलेली मुले अख्खी मंडळी म्हणून व्यवसायात उतरतात, असे भाग्य फार थोड्या नटांच्या वाट्याला येते. समोरचा नट काय करणार आहे याचा अंदाज घ्यावा लागत नाही, म्हणून त्याचे खरोखर ऐकता येते. स्तान्यूताच्या पुढच्या साऱ्या कामात हे ऐकणे आहे, आणि दार्यातही तेच आहे.

1932 मध्ये ती मिन्स्कच्या पहिल्या नाट्यगृहात आली आणि पुढची सहा दशके तिथेच राहिली. ही वर्षे सरळ गेली नाहीत. ज्या झ्दानोविचने हे नाट्यगृह उभे केले, त्याला स्टालिनच्या राजवटीत 1930 मध्ये अटक झाली आणि 1937 मध्ये गोळी घालण्यात आली. फिरत्या बेलारूसी रंगभूमीचा जनक आणि प्रजासत्ताकाचा पहिला ‘लोककलावंत’ व्लादिस्लाव गालुबोक यालाही त्याच वर्षी संपवण्यात आले. 1941 मध्ये जर्मन सैन्य आले, मिन्स्क पडले आणि मंडळीने युद्धाची वर्षे सायबेरियातील तोम्स्क शहरात काढली. 3 जुलै 1944 ला मिन्स्क मुक्त झाले तेव्हा शहराचा मोठा भाग ढिगाऱ्यात गेला होता. या सगळ्यातून जी नटमंडळी टिकली, त्यांच्या अभिनयात एक राखून बोलण्याची सवय येते, असे मला वाटते; अर्थात हे माझे निरीक्षण आहे, सिद्धांत नव्हे.

कुपाला नाट्यगृहात स्तान्यूता नायिका नव्हती. ती चरित्र अभिनेत्री होती. तिथले मानाचे तारे वेगळे : बारिस प्लातोनाव, आणि विनोदी भूमिकांचा बादशहा ग्लेब ग्लेबाव, ज्याने कान्द्रात क्रापिवा यांच्या ‘शेवटी कोण हसतो’ या प्रहसनातला भित्रा तुल्यागा अजरामर केला. अशा मंडळीत चरित्र नटीच्या वाट्याला काय येते, हे रंगभूमीवरच्या माणसाला सांगायला नको. आया, आत्या, मोलकरणी, खवचट शेजारणी, एका अंकात येऊन जाणारी म्हातारी. इथे सोव्हिएत नाट्यव्यवस्थेचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडे व्यावसायिक रंगभूमीवर एकच नाटक चालले तर शेकडो प्रयोग होतात आणि नट वर्षानुवर्षे त्याच एका भूमिकेत राहतो. तिथे मंडळी कायमची, पगार महिन्याचा, आणि एकाच आठवड्यात वेगवेगळी नाटके आलटून पालटून. आज चेहऱ्यावर सुरकुत्या काढून सासू, उद्या विंगेतून चार वाक्ये बोलायला येणारी कोणी. नायिकेच्या वाट्याला येतात त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे चरित्र नटीच्या हाताखालून जातात, आणि प्रत्येक माणसाला थोडाच वेळ मिळत असल्यामुळे तिला नेमके काय ठेवायचे आणि काय टाकायचे ते शिकावेच लागते. स्वगत मिळत नाही, प्रकाशझोत मिळत नाही. दुसऱ्याच्या वाक्यावर जे करता येईल तेवढेच आपले. दशकानुदशके हे केल्यावर नट एक तर कंटाळून ठोकळेबाज होतो, नाही तर इतका काटकसरी होतो की त्याच्या मान वळवण्यालाही वजन येते. स्तान्यूता दुसऱ्या प्रकारातली.

चित्रपटात तिने त्याआधीही लहानसहान कामे केली होती, पण तिचे नाव बेलारूसबाहेर नेले ते दार्याने. त्या चित्रपटाची हकीकत दुःखद आहे. सायबेरियन लेखक वालेंतिन रास्पुतिन यांची ‘मात्योराचा निरोप’ ही लघुकादंबरी 1976 मध्ये आली. अंगारा नदीतले मात्योरा नावाचे बेट जलविद्युत धरणामुळे बुडणार आहे, तरुण पिढी नव्या वसाहतीत जायला निघाली आहे आणि म्हाताऱ्या बायकांचा पाय निघत नाही, एवढेच तिचे कथानक. रास्पुतिन यांचे स्वतःचे गाव ब्रात्स्कच्या धरणापायी हलवावे लागले होते. कोयनेपासून नर्मदेपर्यंत धरणाखाली गेलेली गावे ठाऊक असणाऱ्या वाचकाला या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाही. सोव्हिएत दिग्दर्शिका लारिसा शेपित्को यांनी ही कादंबरी पडद्यावर आणायची ठरवली. बेलारूसी साहित्याशी त्यांचे नाते आधीपासून होते : बेलारूसी लेखक वासिल बिकाव यांच्या कथेवरचा त्यांचा ‘आरोहण’ हा चित्रपट 1977 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला होता. दार्यासाठी त्यांनी मिन्स्कची ही चौऱ्याहत्तर वर्षांची नटी निवडली. चित्रीकरण नुकतेच सुरू झाले होते. 2 जुलै 1979 रोजी मोटार अपघातात शेपित्को, छायालेखक व्लादिमीर चुख्नोव्ह, कलादिग्दर्शक युरी फोमेन्को आणि चमूतील इतर सहकारी जागीच गेले. शेपित्कोंचे पती एलेम क्लीमोव्ह यांनी चित्रपट हाती घेतला, दार्या मात्र स्तान्यूताचीच ठेवली, आणि 1981 मध्ये तो पूर्ण केला. प्रदर्शनाला पुढेही अडथळे आले. सोव्हिएत सत्तेला विजेच्या विकासकथेत म्हाताऱ्यांचा शोक नको होता, हे उघड आहे.

चित्रपटात तिच्या आजूबाजूला मॉस्कोच्या रंगभूमीवरचे ताकदीचे नट आहेत. मुलाच्या, पावेलच्या, भूमिकेत लेव्ह दुरोव्ह आणि बेट रिकामे करण्याची जबाबदारी असलेल्या वोरोन्त्सोव्हच्या भूमिकेत अलेक्सेई पेत्रेन्को. पेत्रेन्को यांचा अभिनय अवाढव्य आहे. तो माणूस नुसता चालत आला तरी पडदा भरतो. अशा नटासमोर सामान्य नट दोन चुका करतो : आपणही आवाज चढवतो, किंवा ठरवून एकदम दबून जातो. स्तान्यूता यांपैकी काहीच करत नाही. ती त्याच्याकडे पाहते, आणि उत्तर द्यायला जेवढा वेळ एखाद्या वृद्ध बाईला लागेल तेवढा घेते.

इथे तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि एक प्रसंग जवळून पाहू. बेटावरची घरे जाळायची आहेत. दार्याचेही जाळणार. त्याआधी ती घर धुऊन-पुसून काढते, सजवते. या भागात संवाद जवळजवळ नाहीत. कल्पना साधी आहे आणि म्हणूनच धोक्याची : मृताला अखेरचे स्नान घालावे तसे घराला घालणे. हाच प्रसंग एखाद्या नवशिक्या नटीला दिला, तर ती पहिल्या क्षणापासून ‘निरोप’ करू लागेल. भिंतीवरून हात फिरवताना डोळे मिटेल, फडके पिळताना हुंदका आवरेल, खिडकीशी थांबून दूर बघेल. स्तान्यूता काय करते? ती साफसफाई करते. फडक्याचे पाणी कुठे गळते ते बघते, कोपरा राहिला का ते बघते, हात पोहोचत नाही तिथे पोहोचवते. तिचे सारे लक्ष कामावर आहे. शोक असलाच तर तो कामाच्या गतीत आहे : जिथे सवयीने हात भरभर चालायला हवा, तिथे तो किंचित सावकाश चालतो, कारण पुन्हा हे करायचे नाही. प्रेक्षक रडतो तो या अर्ध्या क्षणाच्या विलंबाने, तिच्या चेहऱ्याने नव्हे.

हे नैसर्गिकपणातून येत नाही. स्मिश्ल्यायेव्हच्या वर्गात ‘शारीरिक कृतीत लक्ष गुंतव, भावनेला हात लावू नकोस’ असे कोणी याच शब्दांत शिकवले असेल असे मी म्हणत नाही, पण आर्ट थिएटरच्या परंपरेतल्या प्रत्येक तालमीचा गाभा तोच आहे. रंगभूमीवरचा मोठा हातवारा हा रंगभूमीचा धर्म आहे, ही समजूत मुळात चुकीची आहे. तो वाईट रंगभूमीचा धर्म आहे. चांगल्या नटाला मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो, भावना नव्हे. भावना आपोआप पोहोचते. त्यामुळे कॅमेरा जवळ आला की त्याला फक्त आवाजाचे मान बदलावे लागते. ज्याने भावनाच फेकायची सवय लावून घेतली आहे, त्याला मात्र क्लोज-अपमध्ये लपायला जागा उरत नाही.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. म्हाताऱ्या समोवारभोवती चहा घेत बसतात, त्या प्रसंगांत कॅमेरा दुसरीवर असतानाही कडेला दिसणाऱ्या दार्याकडे लक्ष ठेवून पाहा. ती ‘प्रतिक्रिया देत’ नाही. काही वाक्ये तिच्यापर्यंत पोहोचतात, काही पोहोचत नाहीत, काहींवर ती दुसरेच काही आठवते. जन्मभर दुय्यम भूमिका करणाऱ्या नटाला ही कला येते, कारण आपल्या वाट्याचे वाक्य यायला वेळ असतो आणि तोवर जिवंत राहावे लागते. नायिकेची भूमिका करत आलेली नटी पंचाहत्तरीत दार्या करू शकली असती का? मला शंका आहे. तिला केंद्रस्थानी असण्याची सवय असते, आणि दार्या केंद्रस्थानी असली तरी तिला स्वतःला तसे कधीच वाटत नाही. तिच्या लेखी केंद्रस्थानी बेट आहे.

वयाचाही मुद्दा राहतो. काही समीक्षक तिच्या सुरकुत्यांवर फार लिहितात. सुरकुत्या छायालेखकाच्या कामाच्या आहेत, आणि अलेक्सेई रोदिओनोव्ह प्रभृतींनी त्या उत्तम टिपल्या आहेत; परंतु त्याच चित्रपटात इतरही वृद्ध चेहरे आहेत आणि ते आपल्या लक्षात राहत नाहीत. फरक असा की, स्तान्यूता म्हातारपण ‘दाखवत’ नाही. तिची पाठ ताठ आहे, पाऊल हलके आहे. कादंबरीतली दार्या ऐंशीच्या पुढची आहे. नटी तिच्याहून लहान होती आणि शरीराने चपळ होती. वय आणण्यासाठी ती कण्हत-कुंथत नाही, फक्त हालचाल सुरू करण्याआधी एक निर्णय घेते. उठायचे ठरवते, मग उठते. तरुण नटांनी वृद्धाची भूमिका करताना कमरेत वाकण्याऐवजी हे उचलावे.

‘प्रश्चानिये’नंतर बेलारूसबाहेरच्या दिग्दर्शकांना तिचे नाव कळले आणि पडद्यावरची कामे वाढली. त्यांत इगर दोब्रोल्यूबोव्ह यांचा 1983 चा ‘बेलिये रोसी’ हा विनोदी चित्रपट आहे, आणि योगायोग असा की त्याचाही विषय गाव नाहीसे होण्याचाच आहे. तिथे धरणाऐवजी वाढते शहर गावाला गिळते, आणि वसेवोलोद सानायेव्ह यांचा म्हातारा आपल्या तीन मुलांसह त्या बदलाला सामोरा जातो. स्तान्यूताची भूमिका त्यात छोटी आहे. सोव्हिएत संघाची ‘लोककलावंत’ ही सर्वोच्च पदवी तिला 1988 मध्ये मिळाली, म्हणजे वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. तिच्याच नाट्यगृहातल्या गालिना माकारोव्हा तिच्याहून चौदा वर्षांनी लहान, पण त्यांना ती 1980 मध्येच मिळाली होती. माकारोव्हाही चित्रपटामुळेच घरोघरी पोहोचल्या, 1976 च्या ‘विधवा’ या चित्रपटातून. दोघींची तुलना केली तर मजा येते : माकारोव्हा भरघोस, बोलक्या, प्रेक्षकाला लगेच आपल्याशा वाटणाऱ्या, स्तान्यूता बारीक, टोकदार, किंचित दूर ठेवणारी. एका मंडळीत असे दोन स्वभाव एकाच वयोगटाच्या भूमिकांसाठी असणे, हे त्या नाट्यगृहाच्या श्रीमंतीचे लक्षण होते. नव्वदीच्या उंबरठ्यावरही ती रंगमंचापासून दूर गेली नाही. तिचा मुलगा आलेक्सांद्र हा साहित्याचा अभ्यासक आणि लेखक होता. आईवर त्याने पुस्तक लिहिले आहे.

तिच्या कामाचा मोठा भाग मात्र आज आपल्याला पाहता येत नाही, हे मान्य करून पुढे जावे लागते. सहा-सात दशकांचे रंगमंचीय काम प्रयोगांबरोबर संपले, आणि जे उरले ते चित्रपटांत. त्यामुळे तिला ‘उतारवयात सापडलेली नटी’ म्हणून ओळखण्याची चूक सहज होते. ती सापडली नव्हती, मिन्स्कमध्ये दर आठवड्याला दिसत होती. सापडली ती कॅमेऱ्याला.

पाहायचेच असेल तर आधी ‘प्रश्चानिये’ पाहावा, आणि दोन-चार दिवसांनी ‘बेलिये रोसी’. पहिल्यात घर धुण्याचा भाग आला की दुसऱ्या खेपेला आवाज बंद करून पाहावा. श्निट्के आणि आर्तेम्येव्ह यांचे संगीत बाजूला गेले की नटीने स्वतः किती वजन उचलले आहे ते स्वच्छ दिसते. दुसऱ्यात ती थोडाच वेळ दिसते, आणि तेवढ्यात विनोदी चित्रपटाची लय तिने कशी धरली आहे ते पाहिले, तर कुपाला नाट्यगृहात तिने जन्मभर काय केले असेल याची थोडीफार कल्पना येईल.